नगररचनेत आरेखक म्हणून रुजू होताय? आधी रेषेचं मूळ विचारा

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच तुमच्या टेबलावर भाग नकाशाचा अर्ज येईल. सोबत सातबारा, मोजणी नकाशाची झेरॉक्स आणि फीची पावती. साहेब म्हणतील, "एवढा काढून टाका." हे एवढं काम नीट जमलं की खात्यातलं निम्मं काम जमलं, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या एका महापालिकेच्या नगररचना विभागात मी बावीस वर्षं नकाशे काढतेय. अनुरेखक म्हणून लागले, आज आरेखक आहे. ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटच्या वासात शिकले, आता ऑटोकॅड आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर बसते. नवीन मुलं-मुली येतात ती आयटीआयचा आरेखक स्थापत्यचा कोर्स किंवा डिप्लोमा करून येतात. रेषा ओढायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, हात माझ्यापेक्षा वेगात चालतो. पण ही रेषा आली कुठून, असं विचारलं की गप्प होतात. तेवढंच शिकवावं लागतं, आणि ते शिकायला वर्ष-दोन वर्षं जातात.

भाग नकाशा काढताना

भाग नकाशा म्हणजे मंजूर विकास योजनेतला अर्जदाराच्या जमिनीपुरता तुकडा. तिच्यावर कुठला विभाग आहे, रस्ता जातो का, आरक्षण आहे का, हे त्यावरून कळतं. कर्ज, खरेदीखत, वाटणी, कोर्टातला दावा, सगळीकडे हा कागद फिरतो. म्हणून संगणक लावायच्या आधी सातबारा हातात घ्या आणि पहिल्यांदा गावाचं नाव वाचा. प्रत्येक मौजेत सर्व्हे नंबर एकपासून सुरू होतात. कोलशेतला ४८ नंबर आहे तसा बाळकुमलाही असणार. अर्जात मौजे लिहिलेलं नसेल तर अंदाजाने पुढे जाऊ नका, अर्जदाराला फोन करा.

मग नंबर जुना की नवा ते बघा. आपल्या पट्ट्यात, विशेषतः घोडबंदर रोडच्या गावांत, जुने आणि नवे सर्व्हे नंबर दोन्ही चालतात. माणसं बोलताना जुना सांगतात, सातबाऱ्यावर नवा असतो आणि आपल्या विकास योजनेच्या शीटवर कधी जुना छापलेला असतो. मी प्रत्येक गावाचा जुना-नवा तक्ता करून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. तुम्हीही करा, पण दुसऱ्याचा उतरवून घेऊ नका. स्वतः केला की नंबर डोक्यात बसतात.

क्षेत्र वाचताना नवीन माणूस हमखास अडखळतो. सातबाऱ्यावर ०-१२-५० लिहिलं असेल तर ते शून्य हेक्टर, १२ आर, ५० चौरस मीटर. म्हणजे १,२५० चौरस मीटर. लोक आरला सर्रास गुंठा म्हणतात, पण एक आर १०० चौरस मीटरचा आणि एक गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. बारा गुंठ्यांत चौदा चौरस मीटरचा फरक पडतो. एक खोली झाली ती. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा दाखवलेला असतो, तोही वाचा. त्यातल्या 'ब' वर्गात नाला किंवा वाट असते आणि पुढे रेखांकनाची फाईल आली की तोच नाला कुणीतरी 'विसरलेला' असतो.

बांधकाम परवानगीच्या प्रस्तावात मालकी कागदावरचं क्षेत्र, मोजणी नकाशावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र, या तिन्हींत कमीत कमी असेल ते धरायचं, असं २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतलं क्षेत्र-विवरणपत्रच सांगतं. वास्तुविशारदाने वरच्या रकान्यात काय भरलंय ते न बघता तिन्ही आकडे आपल्या हाताने शेजारी लिहा. इतर छाननी आता संगणक बरीचशी करतो. रंगही तुम्हाला माहीत असतील, प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेघांत. त्यावर मी वेळ घालवत नाही.

यानंतर मंजूर शीट उघडा, पण तिच्यावर एकटीवर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३१ खाली शासन योजना मंजूर करतं तेव्हा काही भाग वगळून मंजूर करू शकतं. हे वगळलेले भाग, ज्यांना आपण 'ईपी' म्हणतो, नंतर वेगळ्या अधिसूचनेने मंजूर होतात. त्याशिवाय कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. शाळेचं आरक्षण बदलून बगीचा होतो, रस्त्याची रुंदी बदलते, एखादी रेषा शुद्धिपत्रकाने सरकते. भिंतीवर लावलेल्या छापील शीटवर यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे दर वेळी फेरबदलांची नोंदवही उघडायची आणि त्या मौजेच्या पानावर बोट फिरवायचं. काही नसेल तर माझ्या कच्च्या कागदावर मी 'नोंदवही पाहिली, फेरबदल नाही' असं लिहून तारीख टाकते. चार वर्षांनी कुणी विचारलं तर त्या एका ओळीवर मी उभी राहू शकते.

स्केल, आणि माझ्या हातून झालेली चूक

लागून वर्षही झालं नव्हतं. एका गावठाणाच्या कडेच्या घराचा भाग नकाशा होता. जवळून रस्ता रुंदीकरणाची रेषा जात होती आणि ती कुठे पडते हे मी एका जुन्या गावनकाशावर नाल्याच्या मोरीपासून मोजून घेतलं. नकाशावर अंतर साडेचार सेंटीमीटर भरलं. आमच्या बाकीच्या शीट १:४००० च्या, म्हणून मी एक सेंटीमीटरला ४० मीटर धरले आणि १८० मीटरवर रेषा टाकली. ती त्या घराच्या स्वयंपाकघरातून गेली.

तो जुना नकाशा इंची होता. एका इंचाला ३३० फूट. ३३० फुटांचे ३,९६० इंच होतात, म्हणजे त्याचं स्केल १:३९६०. साडेचार सेंटीमीटरचे खरे मीटर १७८.२. माझी रेषा एक मीटर ऐंशी सेंटीमीटर सरकली होती.

नकाशा सहीसाठी गेला, मिळाला, त्या घरी पोहोचला. दोन दिवसांनी घरमालक आईला घेऊन आले. माऊलींनी काही वाद घातला नाही. माझ्या टेबलासमोर उभं राहून एवढंच विचारलं, "बाय, चूल कुठं मांडू आता?" आमचे वरिष्ठ आरेखक उठले, कपाटातून मूळ शीट काढली, स्केलची पट्टी लावली आणि मला जवळ बोलावून कोपऱ्यात पुसट झालेलं 'एक इंच = ३३० फूट' दाखवलं. दुरुस्त नकाशा त्याच दिवशी निघाला. संध्याकाळी मी तो घेऊन स्वतः त्या घरी गेले. रेषा तुळशीवृंदावनाच्या बाहेरून, ओट्याच्या पायरीला लागून जात होती. पायरी जाणार होती, पण स्वयंपाकघर राहणार होतं. मी त्यांच्यासमोर टेप धरून मोजून दाखवलं आणि चूक माझी होती हे सांगितलं. ते अंगण मला आजही जसंच्या तसं आठवतं.

तेव्हापासून मी कुठलाही जुना नकाशा हातात आला की तीन गोष्टी करते. स्केल वाचते, आणि ते इंची असेल तर लाल पेन्सिलीने त्याचं मेट्रिक प्रमाण माझ्या कच्च्या प्रतीवर लिहिते. मग कागद आटलाय का ते बघते. शीटवर दहा सेंटीमीटरचे चौकोन आखलेले असतात, ते मोजायचे. दहाच्या जागी ९.९३ भरले तर लांबीत ०.७ टक्के आणि क्षेत्रात जवळजवळ दीड टक्का घट. दोन हजार चौरस मीटरच्या भूखंडात २८ चौरस मीटर हवेत जातात. आडवं आणि उभं दोन्ही मोजा, कागद दोन्ही बाजूंनी सारखा आटत नाही. आणि तिसरं, झेरॉक्सवरून कधीच स्केलने मोजत नाही. अर्जदाराने आणलेली मोजणी नकाशाची झेरॉक्स फक्त आकार समजून घेण्यापुरती. लांबी हवी असेल तर त्यावर लिहिलेले आकडे घ्या, नाहीतर भूमी अभिलेखच्या कार्यालयाची प्रमाणित 'क' प्रत मागवा.

संगणकावर

आज तीच चूक वेगळ्या वाटेने होते. गेल्या वर्षी एका नव्या मुलाने उपग्रह चित्रावर रस्ता मोजला आणि १०० मीटरचा तुकडा १०६ मीटर सांगितला. त्याने प्रोजेक्ट वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात, ठेवला होता आणि सपाट मोजणी चालू होती. त्या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जाल तशी लांबी फुगत जाते. आपण साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, तिथे ती जवळजवळ सहा टक्के फुगते आणि क्षेत्र बारा टक्के. तेव्हा चित्र बघायला वेब मर्केटर चालेल, पण काम डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणातच करा. ठाणे, नवी मुंबई दोन्ही त्याच झोनमध्ये बसतात. फाईल उघडल्यावर सगळ्यात आधी खालच्या कोपऱ्यात हे बघायचं, चहा त्यानंतर.

जुनी शीट जागेवर बसवताना, म्हणजे जिओरेफरन्स करताना, बिंदू कुठले निवडता यावर सगळं अवलंबून आहे. कंपाऊंडच्या भिंतीचा कोपरा घेऊ नका, भिंती सरकतात. जुनी दगडी विहीर, देऊळ, रेल्वेची मोरी, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला हद्दीचा दगड, हे पक्के. चार कोपऱ्यांचे चार बिंदू घेऊन समाधान मानू नका. मधलेही घ्या, आणि बसवून झाल्यावर बिंदू म्हणून न वापरलेली एखादी विहीर बघा, शीटवरची विहीर खऱ्या विहिरीवरच बसते का. सॉफ्टवेअर दाखवतं तो त्रुटीचा आकडा लहान असला म्हणजे शीट बरोबर बसली असं होत नाही. आपण दिलेल्या बिंदूंशी ती किती जुळली, एवढंच तो आकडा सांगतो.

नवी मुंबईत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. सिडकोच्या नोडमध्ये, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरात, सेक्टर आणि भूखंड क्रमांक चालतात, आणि त्याच नोडच्या पोटात घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे यांसारखी मूळ गावठाणं आहेत, जिथल्या माणसांच्या तोंडी आजही सर्व्हे नंबर आणि शेताचं नाव असतं. तिथे सेक्टरचा थर आणि जुन्या गावनकाशाचा थर दोन्ही एकावर एक चढवून ठेवा. नाहीतर समोरचा माणूस एका भाषेत बोलतो आणि आपण दुसऱ्या भाषेतला नकाशा शोधत बसतो.

जागेवर

आठवड्यात एकदा तरी साइटवर जा, कुणी पाठवलं नाही तरी साहेबांना विचारून जा. सोबत तीस मीटरचा टेप, लेझर मीटर, खडू, भाग नकाशाच्या दोन प्रती आणि ओळखपत्र. एक प्रत चिखलात जाणार, ती लिहायला. फोनमधला निळा ठिपका हद्दीसाठी वापरू नका. उंच इमारतींच्या मध्ये तो सहज पाच-दहा मीटर भरकटतो, आणि आपल्याकडे पाच मीटरमध्ये एक अख्खं घर बसतं. हद्द ठरवण्याचा अधिकार मुळात आपला नाहीच, ती भूमी अभिलेखची मोजणी ठरवते. आपण योजनेची रेषा त्या हद्दीवर कशी पडते ते दाखवतो. कुणी कितीही आग्रह केला तरी चुन्याची फक्की घेऊन शेजाऱ्यांमधली हद्द आखून देऊ नका.

येऊरच्या डोंगरातून उतरणारे नाले घोडबंदर रोड ओलांडून खाडीकडे जातात. मे महिन्यात यांतले काही कोरडे दिसतात आणि त्यात गाड्या उभ्या असतात. जुलैत तिथेच कमरेएवढं पाणी असतं. म्हणून नाल्याची पाहणी पावसाळ्यात एकदा कराच. मोरीच्या भिंतीवर पाण्याची जी काळपट रेघ राहते तिचा फोटो घ्या, जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहा.

खाडीकाठची जमीन असेल, खाजण, तिवरांचा पट्टा, जुना बांध, तर भरतीची वेळ बघून निघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. ओहोटीला गेलात तर प्लॉट कोरडा दिसेल आणि अहवालही तसाच कोरडा लिहाल. तरीही उच्चतम भरती रेषा स्वतःच्या डोळ्यांनी ठरवून नकाशावर टाकायची नाही. ती मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन नकाशावरूनच घ्यायची. आपण डोळ्यांनी पाहिलेलं अहवालात शब्दांत लिहायचं: पाणी कुठवर आलं, तिवरं कुठे आहेत, भराव ताजा वाटतो का. हजार चौरस मीटरपेक्षा मोठं तिवरांचं क्षेत्र असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टा लागतो, त्यामुळे 'थोडी झाडी' असं लिहून मोकळं होऊ नका. झाडाचं नाव लिहा. मी पहिल्यांदा तिवर ओळखायला एका कोळी मामांकडून शिकले. चिखलातून वर आलेली, पेन्सिलीसारखी उभी श्वासमुळं त्यांनी मला हाताने चाचपून बघायला लावली. त्यानंतर मला तिवर कधी 'झुडूप' वाटलं नाही.

खिडकीपाशी

माणूस येतो आणि विचारतो, "घर जातंय का आमचं?" हो किंवा नाही म्हणायची घाई करू नका. नकाशा फिरवून त्यांच्याकडे तोंड करून ठेवा. आपल्याला सुलटा तो त्यांना उलटा दिसत असतो, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. आधी देऊळ दाखवा, मग शाळा, मग विहीर. तिथून त्यांचं बोट धरल्यासारखं त्यांच्या दारापर्यंत या. त्यांनी स्वतःहून "हां, हे आमचं" म्हटलं की मगच रेषेबद्दल बोला. मीटर सांगून उपयोग नसतो. "दारापासून तुमची चार पावलं" असं सांगा, आणि लेखी नकाशात नेमका आकडा द्या.

योजनेत आरक्षण असलं म्हणजे उद्या बुलडोझर येतो असं नाही, हेही सांगायला हवं. जमीन घ्यायची तर त्याच १९६६ च्या अधिनियमातल्या कलम १२६ ची पद्धत आहे, करार, हस्तांतरणीय विकास हक्क किंवा भूसंपादन. आणि अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. अशी नोटीस आवकमध्ये आली की आरेखकाचं काम त्याच दिवशी सुरू होतं. आवक शिक्क्याची तारीख स्पष्ट उमटलीय ना ते बघा, नोटिशीतले सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक शीटवर ताडून बघा, क्षेत्र काढा आणि टिपणीसोबत नकाशा साहेबांपुढे ठेवा. २४ महिने पुष्कळ वाटतात, पण नस्ती टेबलांवरून फिरायला लागली की ते कसे संपतात कळत नाही.

नवीन योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की कलम २६ खाली हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या महिन्यात घरी सांगून ठेवा, जेवायला थांबू नका म्हणून. प्रत्येक हरकतीला क्रमांक द्या आणि त्याच दिवशी तो क्रमांक नकाशावर, बरोबर त्या जागेवर टाका. साठवून ठेवून नंतर टाकायला बसलात की चुका होतात. पुढे नियोजन समिती सुनावणी घेते. तिथे माणसाला बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, आणि ती मिनिटं त्याची जागा शोधण्यात गेली तर त्याचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही असं होतं. त्याचं नाव पुकारलं जाताच त्याच्या घराचा तुकडा समितीपुढे उघडा असला पाहिजे. तो उघडा ठेवणं हे आपलं काम.

एक शेवटचं, कारण दर वर्षी सांगायचं राहून जातं. मे अखेरीस नकाशांचं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घ्या. ठाण्याच्या पावसात भिंती आतून ओल धरतात आणि मागच्या रांगेतल्या गुंडाळ्या आधी बुरशीला लागतात. कापडावरचे जुने नकाशे सगळ्यात वरच्या कप्प्यात, सुती कापडात गुंडाळून, रबर न लावता. रबर वितळून चिकटतं, नाडी बांधा. आणि नाडीला चिठ्ठी लावा: मौजे, शीट क्रमांक, आणि इंची असेल तर 'इंची' असं मोठ्या लाल अक्षरात.